अक्कांच्या भांडारातलं बाहेरचं दार

मला उभं केलं ते अक्कांनी, आणि तेही माझ्याच विरुद्ध बोलायला लावून.

अक्का सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातल्या. सात रस्त्याजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि इंटरनेटवर मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार. तिथलं काहीही कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं. बाई त्या बाबतीत भलत्या कडक. दुकानात कुणी कंपनीचं बंद सॉफ्टवेअर मागितलं की हात जोडत. "तसलं न्हाय ठेवत की हितं. पुढच्या दुकानात जावा, त्यांना माझा नमस्कार सांगा."

भांडारात काय घ्यायचं ते रविवारी दुकानातच ठरायचं. तिथे अक्कांचा एक नियम होता. ज्याला विरोध करायचा त्यानं आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरचा "व्हय, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत सुटका नाही.

मी वैरागचा, नववीत शाळा सोडलेला. चादरीच्या कारखान्यात मागावरचे नमुने बनवायचो. माग ज्या कंपनीचा, नमुना ज्यात लिहायचा ती कॉम्प्युटरची भाषाही तिचीच, बंद. नमुने लिहायच्या मुक्त एडिटरला जोडायची एक पुरवणी, म्हणजे प्लगइन, मी लिहिली. ती या भाषेतल्या चुका विणायच्या आधीच दाखवायची. ती भांडारात गेली तर चार लोक माझं काम बघणार होते. दुसरं सर्टिफिकेट होतं कुठं माझ्याकडे?

एका रविवारी मी ती दुकानात मांडली, तसे माग दुरुस्त करणारे रफीकभाई मला बघून हसले, "क्या रे वैरागकर, तू तो कंपनी का जमाई निकल्या!" माझे कान तापले.

अक्का विरोधात होत्या. म्हणून आधी माझ्या बाजूनं बोलल्या. "ही भाषा पोरांनी निवडलेली न्हाय, मागासोबत गळ्यात पडलीय. त्यांचे नमुने तिच्यात अडकलेत. आपण दार लावलं तर ती कुटं जातील? कंपनीच्याच एडिटरकडं."

"व्हय अक्का, हेच!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मग आता माझी बाजू मांड की."

"कंपनीच्या भाषेत काम सोपं केलं, तर माणसं तिच्यात आणखी आरामात बसतील," मी म्हणालो. "आपल्या मुक्त भांडारानं त्यांच्यासाठी आत जायचा रस्ता रुंद केला. आणि बाहेर यायचा..." मी थांबलो. "बाहेर यायचा न्हायच की अक्का!"

त्यांनी टेबलावर थाप मारली. "अय्यो, तेच तर म्हणते मी!"

मग मला दुसरं काही सुचेना! दिवसभर कारखाना, संध्याकाळी पुरवणी. आता ती कंपनीच्या भाषेतला नमुना वाचून कोणत्याही एडिटरात उघडेल अशा खुल्या रूपात लिहून देत होती. पुढे एका रविवारी कारखान्यातली गुलाबाची चादर मी मुक्त एडिटरात उघडून दाखवली. एकही पाकळी हलली नव्हती! रफीकभाईंनीच आधी टाळी दिली. अक्कांनी पुरवणी स्वतःच्या हातानं भांडारात चढवली आणि खाली नवा नियम लिहिला: बंद भाषेची पुरवणी घेऊ, पण बाहेर पडायची वाट तिच्यातच हवी.

ती पुरवणी बघूनच तिरुपूरच्या एका गिरणीतून मला बोलावणं आलं. मी गाडीत बसलो. खिडकीशी येऊन अक्का तेलुगू वळणानं म्हणाल्या, "घाबरू नको रा. तमिळ शिक, आणि तिथंही नीट भांड."

इथंही मागाची भाषा कंपनीचीच आहे, अक्का. पण एक दिवस कुणाच्याच मालकीची नसलेली भाषा मी मागासाठी लिहीन आणि पहिल्यांदा तुमच्या भांडारात आणीन. त्या रविवारी विरोधाला मात्र तुम्हीच बसायचं.