पास्कू तांडेलची पाठ

युद्धाच्या दिवसांत कापूस मिळेना, पट्ट्या मिळेनात, रबराचं तर नावच काढू नका. किस्से मात्र आमच्या भाईंदरच्या दवाखान्यात रोज ताजे यायचे! मी तिथे नर्स होते. त्यातले निम्मे किस्से एकट्या पास्कू तांडेलच्या पाठीचे.

पास्कू उत्तनचा. होडीत आपटून कंबर मोडली आणि गडी अंथरुणाला खिळला. पडून पडून पाठीला ही मोठी जखम झाली. तिचं विष अंगात भिनलं की माणूस गेलाच. म्हणून डॉक्टर आणि मी बैलगाडी करून त्याच्याकडे जायचो.

*

डॉक्टर म्हणाले, "एका कुशीवर ठेवू नका. थोड्या थोड्या वेळाने वळवा." घरात घड्याळ कुठलं? मुलगा आंतोन म्हणाला, "चर्चची घंटा झाली का वळवतो."

बेत झकास! पण सणाच्या दिवशी घंटा थांबायचं नाव घेईना, आणि आंतोन बापाला वळवतोय, वळवतोय! आम्ही पोचलो तेव्हा पास्कू धापा टाकत म्हणाला, "आरं, मी पापलेट हाय का? दोन्ही बाजूंनी भाजतोय मेला!"

*

डॉक्टरांनी कुठून कुठून खटपट करून हवा भरायची रबरी रिंग आणली, पाठीखाली ठेवायला. पुढच्या खेपेला बघतो तर पास्कू नुसत्या गोधडीवर!

"रिंग कुठाय?"

आंतोन शांतपणे म्हणाला, "जाळ्याला बांधलीय. काय मस्त तरंगते, डॉक्टर!"

पास्कूच्या बायकोने, रेमेतने, आंतोनचा कान धरून त्याला किनाऱ्यावर पिटाळलं. रिंग परत आली, बोंबलांच्या वासासकट.

*

जखम धुवायला डॉक्टरांनी मिठाचं पाणी सांगितलं. ही बातमी शेजारच्या राई गावातल्या मिठागरवाल्या काकांपर्यंत पोचली. काका गाडीत मीठ भरून स्वतः हजर! "लाजू नका, हवं तेवढं चोळा," म्हणाले.

पास्कूचे डोळे पांढरे. "डॉक्टर, मला सुकवून ठेवणार हाय का काय?"

*

पण एक दिवस सगळ्यांचं हसणं बंद झालं. ताप उतरेना, आणि पाठीवर मेलेल्या मांसाचा काळा थर. तो कापून काढायलाच हवा होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मेलेलं मांस कापलं तर कळत नाही. कात्री जिवंत भागाला लागली की ओरडायचं, मी थांबतो. खाली जिवंत मांस लागलं तर आशा आहे."

"तांडेल ओरडत न्हाय," पास्कू म्हणाला. दारात अख्खा पाडा जमला होता ना!

रेमेतने सगळ्यांना हाकललं, दार लावलं आणि नवऱ्याला दम भरला, "माजी शपथ हाय. दुखलं तर बोंबलायचं!"

कात्री सुरू झाली. "दुखतंय?" "न्हाय." आणखी खोल. "आता?" "न्हाय." डॉक्टरांच्या कपाळावर घाम. रेमेत डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती. मला तर वाटलं, संपलं सगळं.

आणि पास्कू असा बोंबलला, असा बोंबलला, की अंगणातल्या कोंबड्या छपरावर! वर डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार!

डॉक्टर खाली बसून हसायलाच लागले. रेमेत रडत-हसत पुढे आली, त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, आनीक एकदा लावा ना कात्री!"