डोळे मिटून एका पायावर

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकुनी करता करता मान आणि कंबर दोन्ही धरल्या. दुखण्याची सवय झाली होती, पण गेल्या वर्षी चालताना तोल जायला लागला. सपाट रस्त्यावरही भिंतीचा आधार घ्यावासा वाटे. डोक्यातच काही बिघडलं, या धास्तीने मी फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी तपासून सांगितलं की मान अशी बरीच वर्षं आखडलेली राहिली की तोल सांभाळणंही जड जाऊ शकतं. व्यायामाने फरक पडेल. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायला लावलं. तीन मोजायच्या आत मी "आई गं" म्हणत शेजारच्या बाईंवर कोसळले.

त्या तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या निवृत्त शिक्षिका, कंबरदुखीवर उपचार घ्यायला आलेल्या. माझं "आई गं" ऐकून तमिळ हेल काढत, जुन्या वळणाच्या मराठीत बोलू लागल्या. चेन्नईत इतकी वर्षं काढूनही असं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी माफी मागू लागले, तर शांतपणे म्हणाल्या, "पडायचंच असेल तर माझ्यावर पड. मी मऊ आहे."

मला हसू आवरेना. मग त्यांनाही. हसता हसता दोघी गादीवर बसलो. डॉक्टरीणबाईंनी आमची जोडीच लावून दिली: एकीने डोळे मिटायचे, दुसरीने हात धरून आकडे मोजायचे. बाईंचा खाक्या शाळेतलाच. मी जरा डुलले की पुन्हा एकपासून सुरुवात.

दोनेक महिन्यांनी एके दिवशी त्या "तीस" म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज लांबून आला. डोळे उघडले तर बाई पलीकडे खुर्चीवर निवांत बसलेल्या.

"हात कधी सोडलात?" मी विचारलं.

"पाचव्या आकड्याला."

आनंदाने इतकं हलकं वाटलं की उभ्या उभ्याच मी धडपडले. मान अजून दुखते, बाईंची कंबरही. पण त्या दिवशी खाली कॉफी प्यायला गेलो तेव्हा दुकानासमोर भर दुपारी आम्ही दोघी एकेका पायावर उभ्या राहिलो, खिदळत. कॉफीवाल्याने काउंटरवरचे भरलेले पेले आत सरकवले.