घासूकाकांचा गाल

बोलिंगच्या हॉलमध्ये खेळायला येणाऱ्यांना पुढचं सगळं दिसतं. चकचकीत लेन, रंगीत दिवे, धडाधड कोसळणाऱ्या पिना. बूट देण्याच्या काउंटरला वळसा घालून मागे गेलं की एक अरुंद खोली लागते, ती मात्र कुणाला दिसत नाही. त्या खोलीत एक माणूस वर्षानुवर्षं बॉल घासत उभा आहे. त्याला सगळे घासूकाका म्हणतात. खरं नाव असेल हजेरीपटावर कुठेतरी.

बॉल घासणं हा काकांचा धंदा आणि काळजी करणं हा जोडधंदा. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येणार, कुलूप ओढून बघणार, आणि ते निघालं नाही म्हणजे लागलंय हे कळल्यावर आपण इतक्या जोरात ओढून ते मोडलं तर नाही ना, याची काळजी करत कामावर जाणार. काकू म्हणायच्या, "यांना काळजी करायला काही नसलं ना, की हे काळजीत पडतात." बिचाऱ्या काकू. तीस वर्षं त्या हेच एक वाक्य बोलत होत्या आणि काका तीस वर्षं त्यावर विचारात पडत होते.

कामाच्या बाबतीत मात्र काका निर्धास्त. जगात तेवढी एकच जागा त्यांना निर्धास्त राहायला मिळाली होती. लेनवर तेलाचा पातळ हात दिलेला असतो. त्यावरून घरंगळताना बॉल ते तेल पितो आणि पिऊन पिऊन सुस्तावतो, मग वळायच्या जागी न वळता सरळ निघून जातो. असा बॉल आला की काका त्याच्या बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी लावायचे, कोमट पाण्याच्या टबात तेल सुटेपर्यंत ठेवायचे, पुसायचे आणि फिरकीवर चढवायचे. फिरकी म्हणजे वाटीसारखं यंत्र. त्यात बॉल गरगरतो आणि वरून ओला पॅड धरायचा. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. एक बाजू झाली की बॉल पालथा करायचा, मग आडवा. हवं असेल त्याला शेवटी पॉलिश. खरखरीत बॉल लेनला लवकर धरतो आणि लवकर वळतो. गुळगुळीत बॉल लांब घसरत जातो आणि उशिरा वळतो. कुठल्या पॅडवर थांबायचं, यातच सगळी मेख.

आता पॅडच्या पाठीवर नंबर छापलेले असतात. पाचशे म्हणजे खरखरीत, दोन हजार म्हणजे मऊ. पण काकांच्या पॅडवरचे नंबर पाण्याने केव्हाच धुऊन गेले होते. मॅनेजर एकदा म्हणाला, "काका, नवे मागवू का, नंबरवाले?" काका हसले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्यांनी अंगठा फिरवला की नंबर कळायचा. काउंटरवरचा बूटवाला त्यांना डोळे मिटायला लावून पैजा घ्यायचा आणि दर वेळी चहा हरायचा.

तर अशा माणसाने एका सकाळी टबातल्या पाण्याचा अंदाज घ्यायला हात घातला. बोटं बुडाली, तळवा बुडाला, पाणी मनगटापर्यंत आलं आणि काका "आई गं!" म्हणून ओरडले. पाणी कढत होतं. मनगट लालबुंद झालं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की बोटं मनगटाच्या आधी पाण्यात गेली होती, आणि बोटांनी काहीच सांगितलं नव्हतं.

काकांचं धाबं दणाणलं. त्यांनी बोटं चिमटून बघितली, चावून बघितली. कुणा परक्याची बोटं चावावीत तसं वाटलं. पॅड हातात घेतला, अंगठा फिरवला. दुसऱ्यावर फिरवला. सगळे सारखेच, ओल्या कापडासारखे. डावा हातही तसाच, थोडा बरा इतकंच. आयुष्यभर फुकटच्या काळज्या केल्या आणि खरी काळजी दारात आली तेव्हा ती ओळखूसुद्धा आली नाही. बोटं महिनोन्‌महिने थोडी थोडी विझत आली असणार.

कुणाला सांगायचं? मॅनेजरला सांगावं तर घासूकाकांमधला घासू राहणार नाही, नुसते काका राहतील. काकूंना सांगावं तर त्या दवाखान्यात नेतील आणि डॉक्टर काय बोलेल ते काकांनी स्वतःच बोलून ठेवलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, काकांनी ती मूठ घट्ट झाकली. जेवताना चमचा घेऊ लागले. शर्टाची वरची बटणं लावायची सोडली. काकू बघत होत्या आणि गप्प होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात काकू गप्प राहिल्या तर घाबरायला हवं होतं, पण काकांना घाबरायला तेव्हा दुसरी कामं होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात लेक बॉल घेऊन आली.

लेक याच हॉलमध्ये वाढली. शाळेतून आली की मागच्या खोलीत बसून अभ्यास करायची, पुढे जाऊन खेळायची. चांगली खेळायची. गेल्या वर्षी पडली, उजव्या मनगटाचा स्नायू फाटला, पट्टा बांधून घरी बसली. डॉक्टर म्हणाले, मनगट पूर्ण बरं झालंय. मनगटाला ते पटलं, लेकीला पटलं नाही. आता रविवारी संघाची निवड होती, इथेच, तीन डावांची. या खेपेला हुकलं तर सोडून देईन, असं ती आईला म्हणाली होती. काकांनी ते दाराआडून ऐकलं होतं.

"बाबा, तेल काढा आणि दोन हजारावर थांबा. पॉलिश नको," तिने सांगितलं. "शनिवारी बॉलवर शिक्का मारणार आहेत. त्यानंतर खेळ संपेपर्यंत घासायला परवानगी नाही."

"दुसऱ्या कुणाकडून..." काका म्हणाले.

"दुसऱ्या कुणाकडून?" ती हसली. "हाताचा भरवसा उरला नाहीये बाबा माझ्या. निदान बॉलचा तरी असू दे."

काकांनी बॉल घेतला. एवढंच म्हणायचं होतं, की बाळा, माझी बोटं गेली. चार शब्द. ते न बोलताच बॉलबरोबर मागच्या खोलीत गेले.

काकांनी खोलीला आतून कडी लावली. टबात या वेळी कोपर घालून पाणी बघितलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. तेल सुटलं, बॉल पुसला. मग पॅड समोर मांडून बसले. डोळ्यांना सगळे एकाच करड्या रंगाचे. काकांनी एक पॅड उचलला आणि गालावर घासला. गालाला कळत होतं! काकांना रडू यायचं बाकी राहिलं. सगळे पॅड त्यांनी गालावर फिरवून पाहिले. खरखरीत वेगळे काढले, बारीक वेगळे काढले. पण काळजीपायी तीन दिवस दाढी केली नव्हती, आणि खुंटांवरून पॅड फिरला की सगळाच खरखराट. शेवटच्या दोन पॅडमध्ये दोन हजार कुठला, हे काही नक्की होईना. एकदा हा वाटे, एकदा तो. शेवटी एक निवडला. फिरकी सुरू केली, पालथा, आडवा, सगळं रीतीप्रमाणे केलं. बॉल धुरकट, एकसारखा दिसत होता. दिव्याखाली कितीही फिरवून बघितला तरी डोळ्यांना त्यापलीकडे काही सांगता येईना.

"गालाला काय झालं?" घरी काकूंनी विचारलं.

"दाढी करताना खरचटलं."

काकूंनी त्यांच्या वाढलेल्या खुंटांकडे बघितलं आणि पोळपाट धुवायला घेतला.

रविवारी हॉल भरला होता. काका-काकू मागच्या रांगेत बसले. लेकीचा पहिला बॉल सुटला आणि काका पुढे वाकले. बॉल लेनच्या मध्यावरच वळायला लागला. मधल्या पिनेला डावलून पार डावीकडे जाऊन आदळला, उजवीकडच्या पिना तशाच उभ्या. दुसरा बॉल, तेच. तिसरा, तेच. काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. दोन हजारावर थांबलेला बॉल असा वागत नाही. पॅड चुकला होता.

पण लेकीला हे कुठे ठाऊक? ती प्रत्येक फेकीनंतर मनगट चोळत होती. मनगटच दगा देतंय असं तिला वाटत होतं. म्हणून ती हात राखून, हळू फेकायला लागली. हळू फेकलेला बॉल आणखी लवकर वळतो, मग ती आणखी घाबरे, आणखी हळू फेके. काकांना ते सगळं उघड्या पुस्तकासारखं दिसत होतं. पहिला डाव संपला तेव्हा ती तळाच्या दोघींत होती. खुर्चीत बसून तिने मनगट मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे असं बघत राहिली की काकांना बघवेना.

गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. लेकीने खेळ सोडला असता, मनगटाला दोष दिला असता, आणि मूठ झाकलेली राहिली असती. हा विचार काकांच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला. तेवढ्यात काकू पुढे बघत, हलक्या आवाजात म्हणाल्या, "दाढी न करताच दाढीत गाल खरचटलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. चमच्याने भात खाताय, बटणं लावत नाही. बुधवारची डॉक्टरची वेळ घेतलीये मी. पण तिला आत्ता कळायला हवं."

काका उठले. दोन डावांच्या मधल्या वेळात ते लेकीपर्यंत पोचले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाळा, तुझं मनगट ठीक आहे. बॉल चुकलाय. दोन हजार नाही तो, फार खरखरीत राहिलाय."

"तुमच्या हातचा बॉल? कसा चुकेल?"

"बोटांना कळत नाही आता. मला पॅड ओळखू आले नाहीत." तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना होईना, म्हणून ते मनगटाशीच बोलल्यासारखे बोलले. "हात बिघडलाय तो माझा. तुझा नाही."

लेकीने त्यांचा हात धरला, बोटं दाबली, जोरात. काकांना दाब कळला नाही, तिची नखं पांढरी झालेली तेवढी दिसली.

"आधी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चिडका होता, आणि तो चिडायलाच हवा होता.

"घाबरलो."

तिने डोळे पुसले. "आता काय करू? घासता तर येणार नाही."

"उभी राहतेस तिथून पाय डावीकडे सरकव, म्हणजे लवकर वळला तरी मधल्या पिनेवर येईल. आणि हात राखू नकोस. जोरात टाक."

"जोरात?"

"जोरात. काही होत नाही त्याला."

दुसऱ्या डावात तिने पाय सरकवले. पहिला बॉल टाकताना तिचा खांदा आखडला होता. दुसरा बॉल तिने जोरात टाकला. तो लांब गेला, उशिरा वळला आणि सगळ्या पिना एकदम आडव्या झाल्या. ती जागेवर उभी राहून मनगटाकडे बघत राहिली. मग तिने ते हवेत झटकलं, एकदा, दोनदा, आणि मागे वळून काकूंकडे बघून हसली. तिसरा डाव तर तिने सगळ्यांहून चांगला खेळला. पण पहिल्या डावाचा खड्डा भरून निघाला नाही. संघात तिचं नाव राखीव खेळाडूंत लागलं.

काकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. घरी जाताना ते दोघींच्या मागून चालत होते. लेक थांबली आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागली.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "दोन दिवस तरी राहील."

"राहू दे," काका म्हणाले.

"पण पूर्ण जोराने टाकला बाबा, आणि दुखलं नाही. वर्षभर मला वाटत होतं दुखेल."

डॉक्टरांनी साखर तपासली, वाढलेल्या साखरेने बोटं बधिर झालीत असं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बोटांची जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाले. काकांनी स्वतःला यापेक्षा कितीतरी वाईट सांगून ठेवलं होतं, तरी हे ऐकून ते दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मॅनेजरलाही त्यांनी स्वतःच सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "नवे पॅड मागवतो, नंबरवाले. पण काका, घासून झालं की नंबर बघून कसं कळणार, बॉल नीट झालाय की नाही ते?"

काका म्हणाले, "ते बघतो मी."

काळजी गेली नाही. ती कुठली जायला? बोटांची आहे, लेकीच्या पुढच्या निवडीची आहे, कुलपाची तर आहेच. पण लेकीचा बॉल आजही त्याच खोलीत येतो, दुसरीकडे कुठे नेत नाही ती. फिरकी थांबली की काका डोळे मिटून बॉल गालाला लावतात, आणि ती दारात हाताची घडी घालून निकालाची वाट बघते. तेव्हापासून घासूकाका रोज सकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, गुळगुळीत दाढी करतात.