संध्याकाळच्या दुधाला फॅट का लागत नव्हती

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, काही शब्द बोलते तसेच पडले असतील. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात आणि नावं शोधत बसू नये. नावं मी कुणाचीच लिहिलेली नाहीत, गाईचंसुद्धा नाही.

आमचं घर कामथडीच्या बाजूला. एकाच घरात मधे भिंत घालून दोन केलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरले दीर आणि जाऊ. जावेला मी अक्का म्हणते. गोठा मात्र वाटला गेला नाही. तो मागच्या अंगाला आहे आणि त्याला दोन्ही घरांतून दार आहे.

शिवऱ्याच्या एका गोठेवाल्याकडून तांबडी जर्शी गाय घ्यायची ठरली, तेव्हा आमच्याकडे निम्मेच पैसे होते. नुकती व्यालेली, खाली कालवड, म्हणून तो किंमत सोडेना. उरलेले पैसे अक्कांनी दिले. त्यांचे स्वतःचे, साठवलेले. कागद केला नाही, पण बोलणं पक्कं झालं. सकाळची धार मी काढायची आणि ते दूध माझं. संध्याकाळची धार अक्कांनी काढायची आणि पैसे फिटेपर्यंत त्या दुधाचा डेअरीचा पगार त्यांचा. गाय पुन्हा व्यायच्या आत पैसे फिटले तर गाय माझी एकटीची. नाही फिटले तर गाय दोघींची आणि वासरंही दोघींची. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून हो म्हणाले.

मला ती गाय पुरती माझी हवी होती. घर सासऱ्यांचं, जमीन मालकांची, म्हणजे नवऱ्याची, अंगावरचं होतं ते माहेरचं. माझं म्हणावं असं मी काही घेतलंच नव्हतं.

गोठेवाल्यानं गाय देताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. वासरू गाईला लावायचं नाही. पातेल्यातून पाजायचं. एकदा लावलं की सवय लागते, मग वासरू पुढ्यात असल्याशिवाय गाय दूध सोडत नाही. मी ते घरी आल्या आल्या अक्कांना सांगितलं. त्या व्हय म्हणाल्या आणि गव्हाणीत पेंढा टाकायला वळल्या. त्यांचं माहेर विंझरच्याही वर, डोंगराकडे. तिथं सगळी गावठी गुरं. जर्शी गाय त्यांनी पहिल्यांदाच हाताळली.

डेअरी खालच्या अंगाला, उतार उतरून. अक्कांचा गुडघा दुखतो, म्हणून दोन्ही वेळच्या किटल्या मीच न्यायची. डेअरीवर दोघींची खाती वेगळी. यंत्रातून पावती निघते, तिच्यावर लिटर, फॅट आणि डिग्री असते. एवढं मला वाचता येतं.

सुरुवातीला दोन्ही वेळा फॅट चांगली लागली. मग महिना-दीड महिन्यानं संध्याकाळची उतरायला लागली. सकाळची होती तिथंच. हे उलटं होतं. संध्याकाळच्या दुधाला सकाळपेक्षा जास्त फॅट लागते, सगळ्यांचीच लागते. दूध थोडं कमीही भरत होतं, पण तिकडं माझं लक्ष गेलं नाही. माझं लक्ष फॅटवर होतं, कारण भाव फॅटवर ठरतो, आणि संध्याकाळचा भाव पडला की माझे फिटायचे पैसे लांबत होते.

एका संध्याकाळी डेअरीवाला पावती हातात देताना म्हणाला, "वहिनी, डिग्री बरोबर हाय. म्हंजी पाणी न्हाई. मंग साय कुठं जाती?"

मागं रांगेत पुरुष होते. त्यातला एकजण म्हणाला, "तूप-पोळी चालू दिसतीया."

सगळे हसले. मी पदर पुढं ओढला आणि किटली उचलून चढ चढायला लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही. आजही येत नाही. बोलता आलं असतं तर सांगितलं असतं की धार माझी नाही, जावेची आहे. पण मग गावभर झालं असतं.

मी साय काढत नव्हते. किटली गोठ्यातून माझ्या हातात यायची ती तशीच डेअरीवर जायची. तेव्हा माझ्या मनानं घेतलं की साय किटली माझ्या हातात यायच्या आधीच जाते.

एकदा मनानं घेतलं की सगळं त्याच बाजूला दिसतं. आठवड्यातून एकदा भिंतीपलीकडून तूप कढवल्याचा वास यायचा. तो आधीही येत असेल, पण आता मी तो वास येईपर्यंत चुलीपाशी बसून राहायची. अक्का महिन्यातून एकदा एसटीनं माहेरी जायच्या, तेव्हा पिशवीत झाकणाचा स्टीलचा डबा असायचा. मी विचारलं, काय नेताय. म्हणाल्या, काय न्हाई, आईला थोडं. काय थोडं ते सांगितलं नाही. आणि धार काढताना त्या आमच्या बाजूचं दार आतून लावून घ्यायला लागल्या होत्या. मी कडी वाजवली तर म्हणायच्या, गाय बुजती, थांब जरा.

गाय कधी बुजत नव्हती. माझ्या हाताखाली तर ती रवंथ करत उभी राहायची.

मग मी बेरीज मांडायला लागले. फॅट पडली की त्यांना पगार कमी, हे खरं. पण पैसे फिटायला उशीर झाला तर त्यांना अर्धी गाय मिळत होती. आणि अर्धी कालवड. त्यात वर तूप. मी हे मालकांना सांगितलं. ते हायवेवर टायरच्या दुकानात कामाला. दमून आलेले असतात. म्हणाले, तुमच्या दोघींचा व्यवहार, मला मधे घेऊ नका. भावजयीविषयी वेडंवाकडं ऐकायला त्यांना आवडत नाही. मी परत विषय काढला नाही. पण अक्का हळद मागायला आल्या तरी त्या नजरेनं काय मोजतायत ते बघत राहायची.

एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. कालवड चांगली धरली होती. अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक. शेजारणी म्हणायच्या, पातेल्यावरची वासरं अशी नसतात, हिला काय घालतेस. मी मान खाली घालायची, पण आतून बरं वाटायचं. मी तिला कोमट करून पाजत होते, बोट चोखायला देऊन शिकवलं होतं. हे माझ्याच हाताचं आहे असं मी धरून चालले होते. एकदा अंधार पडता पडता तिच्या तोंडाला फेस दिसला होता. तेव्हा मी तो फडक्यानं पुसला आणि पातेल्यातल्याच दुधाचा असेल म्हणून आत आले.

पुढं डॉक्टर येऊन गाय गाभण असल्याचं सांगून गेले. लोकांना आनंद होतो, मी दिवस मोजायला लागले. व्यायच्या आधी गाय आटणार, दूध बंद होणार, म्हणजे माझ्या हातात मुदतीहून कमी दिवस होते. त्याच आठवड्यात डेअरीवाल्यानं सांगितलं की संध्याकाळचं दूध असंच आलं तर किटली परत पाठवीन.

तेव्हा मी ठरवलं की बोलायचं नाही, बघायचं. संध्याकाळी अक्का यायच्या आधीच मी गोठ्यात गेले आणि कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याची गंजी होती तिच्यामागं उभी राहिले. पेंढ्याची कुसळं मानेला टोचत होती. अक्का आल्या, आमच्या बाजूची कडी लावली, दिवा लावला. कास धुतली. धार चांगली पडत होती. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, कनवटीकडे बघत होते, कुठं वाटी आहे का, डबा आहे का. काहीच नव्हतं.

मग त्या मधेच थांबल्या. सडांत दूध होतं, मला दिसत होतं, धार अजून जाड येत होती. त्यांनी किटली उचलून उंच फळीवर ठेवली, दाराकडे एकदा बघितलं आणि कालवडीचं दावं सोडलं. ती सरळ गाईखाली गेली. गाय मागं वळून तिला चाटायला लागली.

मी बाहेर आले. अक्का दचकल्या, पण कालवडीला ओढलं नाही.

मी म्हणाले, "अक्का, लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस."

"मग?"

"मग काय? समदं पिळून न्यायचं व्हय? आमच्याकडं शेवटची धार वासराची. ती कुणी काढत न्हाई. काढली तर दुधाला बरकत न्हाई ऱ्हात." मग म्हणाल्या, "तुला कळलं असतं तर तू कटकट केली असतीस, म्हणून कडी लावत व्हते."

मी डेअरीवाल्याचं बोलणं सांगितलं. फॅटचं सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"फॅटचा न् हिचा काय संबंध? म्या साय काढली न्हाई. दोन पेले दूध ती प्याली, तर दूध दोन पेले कमी भरंल. पातळ कसं व्हईल?"

मलाही ते कळत नव्हतं. मला वाटलं, हे फिरवून बोलणं आहे. मग त्याच म्हणाल्या, आणि हे मी आजवर विसरले नाही:

"फॅट कशानं जाती ते म्या तुलाच इचारणार व्हते. किटली तूच नेतीस. वाटंत काय करतीस, कुणाला ठावं? मला वाटायचं, माझ्या दुधाची साय तू तुझ्या सकाळच्या किटलीत वततीस."

मी भिंतीच्या अलीकडे बसून त्यांच्या तुपाचा वास घेत होते, तेव्हा त्या पलीकडे बसून माझी उतारावरची पावलं मोजत होत्या.

कुणी कुणाचं ऐकून घेणार नव्हतं, म्हणून मी म्हणाले, उद्या सकाळची धार दोघींनी मिळून काढू. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारा एका पातेल्यात घेतल्या, मधलं दूध किटलीत, आणि पार शेवटच्या धारा दुसऱ्या पातेल्यात. दोन्ही पातेली एकाच चुलीवर एकामागून एक तापवली आणि झाकून ठेवली. दोघी तिथंच बसलो. उठून जायला कुणीच तयार नव्हतं. अक्कांनी तिथंच तांदूळ निवडायला घेतले. दूध निवल्यावर झाकणं काढली. पहिल्या धारांच्या दुधावर नुसता पातळ पापुद्रा. शेवटच्या दुधावर साय इतकी जाड की उलथनं घातलं तर ती अख्खी वर आली, पिवळसर.

अक्कांनी बोटानं दाबून बघितली. "सायच पीत व्हती की गं बया ती," म्हणाल्या.

म्हणजे तेच. साय कालवडीच्या पोटात जात होती. माझ्या कोमट दुधाची किमया काही नव्हती.

तरी अक्का पटकन ऐकेनात. वासराचा वाटा मोडायचा नाही म्हणाल्या. मी म्हणाले, मोडू नका, पुढं घ्या. कालवडीला आधी सोडा, पोटभर नाही, पण चार घोट पिऊ द्या. मग बांधा आणि दूध पार शेवटपर्यंत काढा. त्यांनी सायीचं पातेलं जवळ ओढलं. म्हणाल्या, पयल्या धारंत काय असतंय, पाणीच. मी म्हणाले, तिला आई मिळते ना. संध्याकाळी त्यांनी कालवड आधी सोडली. मी दोन्ही दारं उघडी ठेवून उभी होते.

त्या दिवसापासून फॅट चढली. डेअरीवाल्यानं नुसती पावती हातात दिली. तो मागं हसणारा माणूसही रांगेत होता, तो दुसरीकडे बघत होता.

तुपाचंही मी एकदा विचारून घेतलं. म्हणाल्या, घरी चहापुरतं दूध ठेवतो त्याचीच साय साठवते, मी कोरा चहा पिते, आईला दात नाहीत, तिला भातावर तूप लागतं. कोरा चहा पितात हे खरं आहे, मी बघितलं आहे. मला ते पटलं. पुरतं पटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही दिवस मी त्यांच्या कपात डोकावून बघत होते. आणि मी किटली घेऊन उतारावर गेले की त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहतात, हेही मला दिसत होतं. दोघींनाही ते माहीत होतं.

गाय आटायला घातली तेव्हा थोडे पैसे राहिलेच होते. ते मी माझ्या सकाळच्या पगारातून बाजूला काढलेले घातले. गोठ्यातच दिले, जिथं बोलणं झालं होतं तिथं. गाय जड झाली होती, अंग टाकून बसली होती. अक्का नोटा तशाच कनवटीला लावायला लागल्या.

मी म्हणाले, "मोजून घ्या, अक्का."

"असतील की बरोबर."

"नाही. मोजा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोटाला थुंकी लावली आणि एकेक नोट मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी पुढं उभी राहून बघत होते.

"फिटलं," म्हणाल्या.