झनकलालची बॅटरीवाली व्हॅन

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात. जळकं ऑइल आन् किस्से. ऑइल विकता तरी येते! कोहमारा गावाच्या नाक्यावर गाड्या खोलण्यात जलम गेला माझा, पण झनकलालच्या व्हॅनएवढे किस्से दुसऱ्या कोण्या गाडीनं दिले नाही.

झनकलाल माझा दोस्त, व्हॅनमध्ये पॅसेंजर भरे. त्याच्या बायकोले, सुमित्राले, दमा. पेट्रोलचा वास आला का श्वास अडके. एसटीत तर त्याहून जास्त धूर. माहेर गोरेगावच्या पलीकडे, तिथं माय खाटेवर पडून, आन् हिले जाता येईना.

एक दिवस हा म्हणे, "इंजिन काढ. गाडी बॅटरीवर करू."

"पहिले डोकं बॅटरीवर करून आण!" मी म्हटलं.

*

नागपूरच्या कारागिरानं भाव सांगितला. झनकलालनं बोटांवर हिशोब केला. मंग म्हणे, "बॅटऱ्या धरून ना?"

"बॅटऱ्या अलग. पाणी टाकत राहाल तर दोन-तीन वर्षं चालतील. मंग नव्या घ्या."

गाडीपेक्षा बॅटऱ्या महाग! यानं म्हशी विकल्या. चहावाला म्हणे, "म्हशीले पाणी पाजत होतास, आता बॅटरीले पाज!"

*

मागं बॅटऱ्या ठेवल्या तर व्हॅन अंड्यावरच्या कोंबडीसारखी बसली. मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, पुन्हा खर्च. आन् पॅसेंजरले जागाच उरली नाही.

"कमावशील कसा बे?"

"एक पॅसेंजर हाय ना," म्हणे.

*

पीयूसीवाला नळी घेऊन मागं वाकला. सायलेन्सरच नाही!

"धूर कुठून निघते?"

"निघतच नाही."

"मंग सर्टिफिकेट कायचं देऊ? सायलेन्सर लावून आण!"

आन् या येड्यानं लावला!

*

ट्रायलवरून येताना जंगलातल्या चढावर बॅटरी संपली आन् गाडी मेली. बैलं जुंपून वापस आणली. बैलवाला रस्ताभर हासे, "माह्या बैलाले चार्जिंग लागत नाही, भाऊ!"

मी सांगितलं, "झनकलाल, तुही गाडी जायची हाय. यायची नाही."

"जाऊ तर दे," म्हणे.

*

गेलो. सुमित्रा व्हॅनमध्ये, मी पाने घेऊन फटफटीवर, धूर तिच्याकडे जाऊ नये म्हणून दूर दूर. पोहोचलो तं बॅटरी खलास, आन् गावातला ट्रान्सफॉर्मर जळलेला! सुमित्रा मायच्या उशाशी बसली, हात धरून. मायनं ओळखलं का नाही, कोणाले ठाऊक.

धानकापणीचे दिवस. त्यात घरात पाहुणे, म्हणून झनकलालच्या साळ्याचं तोंड पडलेलं. "भाऊजी, निघता कधी?"

"लाइट आली का चार्ज करतो आन् निघतो."

दुसऱ्या दिवशी माय पाणीही गिळेना. सुमित्रानं हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साळा पुन्हा येऊन उभा. "भाऊजी, आतातरी?"

झनकलाल खाली मान घालून सुपारी कातरत होता. म्हणे, "लाइटच नाही आली अजून!"

डोक्यावर पंखा गरगर फिरून राहिला होता.