चिठ्ठीतली चार माणसं

मुंबईत दोन दिवस कुठं राहायचं, या एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात रक्त सांडलं. त्यातलं निम्मं मी सांडलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

मोठा दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही मूळचे कोरडवाहू तालुक्यातले, मेंढरांवर जगणारे. मी लहान असतानाच मेंढरं गेली, तसे वडील बिऱ्हाड घेऊन सोलापुरात आले आणि शिकत शिकत यंत्रमागावर जॉबर झाले, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. अक्कलकोट रोडला एका कारखान्यात ते होते आणि शेजारच्या कारखान्यात मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला जायचे. आई घरी. थोरला भाऊ, दादा, मुंबईत.

दादा मुंबईला का गेला ते आधी सांगायला हवं. आप्पांचा हात वाईट होता. मागाचा चामडी पट्टा झिजला की ते तो घरी आणत आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवत. कालवणात मीठ कमी पडलं, पट्टा. पाहुण्यांसमोर आई मोठ्यानं हसली, पट्टा. एके दिवशी दादानं तो पट्टा वरच्या वर धरला आणि आप्पांना भिंतीवर असं आपटलं की त्यांचे पुढचे दोन दात पडले. त्यावर आप्पांनी काय करावं? पाण्यानं भरलेली घागर खांद्यावर घेऊन ते गल्लीत गेले आणि मयताच्या वेळी फोडतात तशी ती मागं टाकून फोडली. तोंडातून रक्त गळत होतं आणि ओरडत होते, "माझ्यापुरता मेला त्यो!" गल्लीतल्या बायकांनी दारं लावून घेतली. दादा एकवीस वर्षांचा होता. फुटलेल्या खापरांवरूनच तो बाहेर पडला.

त्यानंतर दोन वर्षं त्याचं नाव घरात निघालं नाही. तो परळला एका गिरणीत बदली कामगार होता. कधीमधी माझ्या कारखान्याच्या पत्त्यावर त्याचं कार्ड यायचं, ते मी चुलीपुढं बसून आईला वाचून दाखवायचे आणि मग आई ते चुलीत घालायची. ठेवायची सोय नव्हती.

अशात आप्पांच्या कारखान्यातल्या लोकांनी सहल काढली. सोलापूरहून बसनं गोवा, पणजीहून बोटीनं मुंबई. एक दिवस आणि एक रात्र समुद्रात. सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि तिथून ज्यानं त्यानं आपापली वाट धरायची. बायकामुलं आणली तरी चालतील, असं ठरलं. आमच्या सात पिढ्यांत दादाखेरीज कुणी समुद्र पाहिला नव्हता. आप्पा या बोटीनं पार खुळावले. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या पंधरा दिवसांत मला ते आवडायला लागले होते.

बोटीचं तिकीट एकदम खालच्या वर्गाचं, उघड्यावर चादर टाकून झोपायचं. त्याची काळजी नव्हती, चादरींना सोलापुरात काय तोटा? खरी काळजी पुढच्या दोन दिवसांची. लॉज परवडणारं नव्हतं. मुंबईत आमच्या समाजाची एक धर्मशाळा होती. तिथं जवळजवळ फुकटात खोली मिळायची, फक्त सोलापुरातल्या पंचांची शिक्क्याची चिठ्ठी लागायची. चिठ्ठीत घरातल्या माणसांची नावं लिहिलेली असत.

आप्पा रोज संध्याकाळी अंगणात कोळशानं मुंबई काढायचे. हा धक्का, ही धर्मशाळा, ही राणीची बाग, ही चौपाटी. मुंबई पाहून आलेल्या एका बॉयलरवाल्याला त्यांनी प्रश्न विचारून विचारून नकोसं केलं. नळाला पाणी किती वाजता येतं, भांडी तिथं मिळतात का, धक्क्यापासनं चालत जाता येतं का. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी किती न्यायची याचाही त्यांनीच हिशोब मांडला. आई सगळं ऐकायची आणि तिचा प्रश्न एकच असायचा.

"अवो, आनि परळ कुटं आलं?"

"परळात काय तुज्या बापाचं हाय?" आप्पा म्हणायचे. पण कोळशाचा तुकडा थोडा वेळ थांबायचा. त्यांना कळत होतं, आणि आईलाही कळत होतं की त्यांना कळतंय. आई समुद्रासाठी चालली नव्हती. तिला पोरगा डोळ्यानं बघायचा होता, बस्स. मी दादाला कार्ड टाकलं होतं, अमुक दिवशी सकाळी दहाला धर्मशाळेच्या फाटकात ये म्हणून. आप्पा अंघोळीला गेले की दहा मिनिटं त्याला बघायचं आणि वाटेला लावायचं, असा आमचा दोघींचा बेत होता. बेत चांगला होता. तो आईनंच मोडला, आणि तिला दुसरं काही करता येणंही शक्य नव्हतं.

बस सोमवारी सुटणार होती. रविवारी सकाळी आप्पा कारखान्यात होते म्हणून चिठ्ठीची नावं सांगायला आई पंचांकडं गेली. पंचांनी विचारलं, घरात माणसं किती? आता, आमच्यात एक रीत आहे. घरातली माणसं कुणी विचारली तर जिवंत माणूस गणतीतून वगळायचा नाही. मेंढरांमागं गेलेला माणूस सहा सहा महिने परत येत नसे, त्यातून ही रीत पडली असावी. तो कुठंही असो, तुरुंगात का असेना, मोजायचा. वगळला तर त्याचं आयुष्य तुटतं. नुसतं 'तीन' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण आईच्या तोंडून तीन निघेना. ती म्हणाली, चार. आणि नावं सांगितली, चारही.

दुपारी आप्पा चिठ्ठी आणायला गेले. पंचांनी ती दहा माणसांसमोर मोठ्यानं वाचली. वर म्हणाले, "लई ब्येस केलंस बाबा. पोराला पदरात घेतलंस. रागाचं काय, येतो नि जातो."

आप्पा घरी आले ते चप्पल न काढताच आत. चिठ्ठी त्यांच्या हातात होती. त्यांनी दार लावलं नाही. खुंटीवरचा पट्टा काढला.

"घरात मानसं किती?"

आई भाकरी थापत होती. तिनं हात परातीत तसेच ठेवले. "चार," ती म्हणाली.

पट्टा तिच्या पाठीवर बसला. परात उलटली.

"किती?"

"चार."

या वेळी मानेवर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आडवी झाली होती आणि पीठ भरलेले हात तिनं डोक्यावर घेतले होते. रडत नव्हती. मी इतक्या वर्षांत तिला मार खाताना गयावया करताना पाहिलं होतं, पाय धरताना पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं एक शब्द जादा काढला नाही. ते विचारत होते आणि ती सांगत होती. चार. चार. पट्ट्याच्या कडेनं तिचं कानशील फाटलं आणि पिठावर लाल थेंब पडले.

"जा, पंचाला जाऊन सांग तीन हायेत म्हनून!"

"जित्या लेकराला मी तोंडानं मारनार न्हाई," आई म्हणाली. "तुमी मला मारा."

आप्पांनी पुन्हा हात उचलला. कोपऱ्यात दुरुस्तीला आणलेले मागाचे धोटे पडले होते. धोटा म्हणजे हातभर लांब जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. मी त्यातला एक उचलला आणि आप्पांच्या डोक्यात घातला. विचार करून घातला, झटक्यात नाही. कानाच्या वर बसला. ते गुडघ्यावर आले आणि मी परत मारला, खांद्यावर. तिसरा मारणार होते. आईनं खालून माझा पाय ओढला आणि मी पडले, तेव्हा तिनंच माझ्या थोबाडीत दिली.

"त्यो येनार हाय!" मी पडल्या पडल्या आप्पांवर ओरडले. "मीच कळवलंय त्याला! दहा वाजता येनार हाय तितं! जावा, मारा जावा!"

हे मी बोलायला नको होतं. जिभेला हाड नाही आणि माझ्या जिभेला तर कधीच नव्हतं.

आप्पा डोक्याला टॉवेल दाबून एकटेच दवाखान्यात गेले. टाके घालून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पिशवी भरली. भाकरी, चटणी, एक चादर, चिठ्ठी. आणि सगळ्यांत वर तो पट्टा, गुंडाळून.

"तुमी दोघी हितंच बसा," ते म्हणाले. टाके घालून आल्यापासून त्यांनी काढलेले तेवढेच शब्द.

ते गेल्याबरोबर मी म्हणाले, दादाला तार करते, येऊ नको म्हणून. आईला उठवत नव्हतं. भिंतीला टेकून ती पट्टा अडकवायच्या रिकाम्या खुंटीकडं बघत होती.

"नगं करू," ती म्हणाली. "येऊ दे. कुनाला तरी दिसू दे त्यो."

"अगं, मुडदा पाडतील एकमेकांचा!"

"पडू दे," आई म्हणाली. हे ती का म्हणाली मला तेव्हा समजलं नाही, मी चिडले. मी तिच्याशी चार दिवस नीट बोलले नाही. तिच्या पाठीला हळद लावत होते तीसुद्धा दातओठ खात. ती मात्र रोज विचारायची, आता बोट कुठं असंल, आता उतरले असतील का. आप्पांनी काढलेली कोळशाची मुंबई अंगणात होती, ती झाडायला तिनं मला बंदी केली.

सातव्या दिवशी सकाळी आप्पा आले. डावा डोळा सुजून बंद झाला होता, खालचा ओठ फाटलेला. पट्टा पिशवीत नव्हता. ते उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले, बसले नाहीत. आईही उठून उभी राहिली.

"आला हुता?"

"आला हुता."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. धर्मशाळेच्या फाटकात दादा दिसल्याबरोबर त्यांनी पट्टा काढला. दादानं तो हिसकावून घेतला आणि त्यांनाच मारलं, चांगलं खाली पाडून मारलं. धर्मशाळेच्या माणसानं दोघांनाही बाहेर काढलं, चिठ्ठीबिठ्ठी काही बघितली नाही. मग रस्त्यावर दादानंच त्यांना उठवलं, नळावर तोंड धुतलं. दोन रात्री ते दादाच्या खोलीवर राहिले. त्या खोलीत गिरणीतली वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. दादानं आपली जागा त्यांना दिली आणि स्वतः बाहेर जिन्यात बसून राहिला.

"माझ्यासंगं बोलला न्हाई," आप्पा म्हणाले. "दोन दिस. गाडीवर पोचवायला आला, तवा बी न्हाई." मग त्यांनी स्वतःचा उजवा पंजा पुढं धरला. "डाव्या हातानं मारलं त्यानं मला. उजव्या हाताची दोन बोटं न्हाईत त्याला. मशीनीत गेलीत. वरीस झालं म्हनं."

आम्हाला ठाऊक नव्हतं. एकाही कार्डात त्यानं लिहिलं नव्हतं.

आई जवळ गेली आणि आप्पांच्या तोंडात मारली. सुजलेल्या डोळ्यावरच. जन्मात तिनं त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं.

"तू बघितलास!" ती किंचाळली. "तू! दोन वरसं मी... आनि तू बघून आलास त्याला!"

दोन्ही हातांनी ती त्यांना मारत सुटली, छातीवर, तोंडावर, टाक्यांवर. टाके उसवले, रक्त त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं. मी मधे पडले नाही. आप्पांनी हात वर केला नाही, एकदाही नाही. दार उघडंच होतं, गल्ली बघत होती.

"कुटली बोटं?" ती मारता मारता विचारत होती. "सांग! कुटली?"

"करंगळी," आप्पा म्हणाले, "आनि तिच्या शेजारची."

"दुखत्यात का? काय म्हनला त्यो? भाकर कुन करून घालतं त्याला?"

"मला न्हाई ठावं," ते म्हणाले. "मी इचारलं न्हाई."

आईनं आणखी एक मारली आणि मग तिच्या हातांतलं बळच गेलं. ती तिथंच, त्यांच्या पायाशी, खाली बसली.