कोणत्या पानापासून

“थांबा, अजून पिवळंच आहे.”

हे वाक्य मी रोज ऐकत असे. ब्युरेट म्हणजे मापाच्या खुणा असलेली उभी काचनळी; तिच्याखाली काचेचा फ्लास्क, त्यात मोजून घेतलेलं पाणी आणि रंग बदलून दाखवणाऱ्या इंडिकेटरचे तीन थेंब. डावा हात ब्युरेटच्या तोटीवर, उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरवत आमचे सर उभे असायचे. वरून आम्ल थेंबाथेंबाने पडायचं. पिवळ्याचं नारिंगी झालं की तोटी बंद करायची आणि किती आम्ल लागलं तो आकडा मला सांगायचा. मी लिहून घ्यायची. घाई केली की ते मान न वळवता म्हणायचे, “थांबा, ताई.”

आमची प्रयोगशाळा नाशिकमधली, लहानशी, पाणी आणि माती तपासणारी. येणारे बहुतेक निफाड आणि वणीकडचे द्राक्षबागायतदार. पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेला चुना, जास्त असलं की आम्ल जास्त लागतं आणि ठिबकची भोकं पांढऱ्या थराने बुजतात, म्हणून ते बाटल्या भरून आणायचे. अहवाल घेऊन मुकाट्याने जाणाऱ्यांना आमचे सर सोडायचे. पण कोणी प्रश्न विचारला की त्याची सुटका नव्हती.

“पाणी तर नितळ हाय, सर. ह्यात चुना आला कुठून? कुनी टाकला?”

“तुमच्याच बागेने.”

“आता बागेवर आळ घेता का?”

“मुळं श्वास सोडतात की नाही? मातीत जे कुजतं तेही सोडतं. तो वायू पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी काळा दगड झिजवत खाली उतरतं. रानात चुनखडी असेल तर तीही खातं. आपल्या काळ्या दगडात कार्बन जवळजवळ नाहीच. कार्बन श्वासातला, चुना दगडातला. दोघं जोडीने तुमच्या विहिरीत येतात आणि झिरपत नदीत जातात.”

“आन नदीतून?”

“बंधाऱ्यावर पाणी आपटलं की थोडा वायू हवेत परत जातो. थोडा चुना होऊन तळाला बसतो. उरलेला समुद्रापर्यंत. नदी नुसतं पाणी नेत नाही, पाटील. अख्ख्या तालुक्याचा श्वास नेते.”

“मग तर लय वझं झालं बिचारीला,” पाटील म्हणाले, आणि ठिबकला अ‍ॅसिड किती सोडायचं ते विचारून निघाले.

त्या वझ्याचीच सरांनी एक वही ठेवली होती. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्कूटरवरून निफाडच्या अलीकडच्या एका पुलाखाली जायचे, उतारावरून पाण्यापर्यंत उतरायचे, बाटली पाण्याखाली धरून भरायचे आणि झाकणही पाण्याखालीच लावायचे. मग बाटली उलटी करून आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचे. सोमवारी पहिलं माप नदीचं. अकरा वर्षांत एक महिना चुकला नाही.

पावसाळ्यात माप उतरायचं, उन्हाळ्यात चढायचं, कारण तेव्हा नदी जमिनीतल्या झिरप्यावर जगते. ते त्यांना अपेक्षितच होतं. पण तोच महिना वर्षामागून वर्ष शेजारी ठेवला की आम्ल थोडं थोडं जास्त लागत होतं.

“सात थेंब, ताई. अकरा वर्षांत सात थेंब.”

रानांना पाणी वाढलं, शेणखत वाढलं, माती जास्त श्वास सोडते, दगड जास्त झिजतो, असं त्यांचं म्हणणं. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी वही चाळून, यावर लेख होऊ शकेल, असं सांगितलं होतं. सरांचं शिक्षण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. “माझं नाव नाही छापलं तरी चालेल,” म्हणाले, “आकडा छापून आला पाहिजे.”

आता मला माझं सांगायला हवं.

मी सगळं लिहून ठेवणारी बाई आहे. गॅस कधी लागला, किती दिवस पुरला, विजेचं मीटर महिनाअखेरीला कुठे होतं, हे माझ्या घरच्या कॅलेंडरवर सापडेल. आणि मी सरांच्या शेजारच्याच टेबलावर बसत होते. सुरुवातीला सिंकमधले त्यांचे फ्लास्क नारिंगी असायचे. पुढे ते लालसर दिसू लागले. एकदा मी म्हटलं होतं, “सर, हा जरा लाल नाही का वाटत?”

“ताई, तुम्ही आकडे सांभाळा. रंग माझ्याकडे.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. ते वयाने मोठे, कामात मुरलेले. शिवाय शेतकऱ्याच्या अहवालात चार-पाच थेंबांनी काही बिघडत नाही. नदीच्या वहीत तेवढ्यानेच सगळं बिघडतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने कामावर आले ते हसतच. “हे टेबल पांढरं आहे होय! मी इतकी वर्षं क्रीम समजत होतो.” आम्हीही हसलो.

सोमवार होता. त्यांनी नदीचं पाणी घेतलं, आम्ल सोडलं आणि नेहमीपेक्षा लवकर तोटी बंद केली. आकडा सांगितला नाही. फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवला. एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. परत पहिला.

“ताई, हा रंग कोणता?”

“नारिंगी.”

“डाव्याने पिवळा दिसतो.”

मग त्यांनी उजवा डोळा झाकून घेतला आणि डाव्याने बघत एकेक थेंब सोडू लागले. पाचव्या थेंबाला थांबले. फ्लास्कमधलं पाणी तोवर सिंकमध्ये मी बघत आले होते तसं लाल झालं होतं.

“सातातले पाच माझ्या डोळ्याचे,” ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले. चहा आला तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, लाल वाटतो म्हणून. केव्हा?”

“झाली असतील पाच-सहा वर्षं.”

“पाच की सहा?”

मी बोटांवर वर्षं मोजू लागले.

“ताई, मी रागावलेलो नाही. डोळा चांगला होता तोपर्यंतची पानं खरी आहेत. ती आणि आताची, एवढ्यावर अजून काही सांगता येईल. मला फक्त कोणत्या पानापासून फुली मारायची ते सांगा.”

मी घरी जाऊन आठवत बसले. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन येत होतं का? शेजारची इमारत उठल्यावर ऊन बंद झालं. की ट्यूबलाइट होती? माझी सगळी कॅलेंडरं काढली. सिलिंडर सापडले, मीटर सापडलं. ते एक वाक्य मी कुठेच लिहिलं नव्हतं. अंदाजाने एक वर्ष सांगून टाकावं असंही मनात आलं. नाही सांगितलं. “बघते, सर,” एवढंच म्हणत राहिले. तेही रोज विचारत राहिले नाहीत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी लांबणीवर टाकलं. डॉक्टरांनी दोनदा बोलावलं. घरून त्यांच्या पत्नीने, बाईंनी, मला फोन केला, “तुमचं तरी ऐकतील, सांगा ना.” मी सांगितलं.

“हा मोतीबिंदू काढला तर डोळा किती खोटं बोलत होता ते कशाने मोजू?” ते म्हणाले. आता ते प्रत्येक पाणी दोनदा मोजायचे, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने, आणि वहीत दोन रकाने भरायचे. डाव्याचा फरक सहा थेंबांवर गेला, तेव्हा त्यांनी ते जवळजवळ समाधानाने सांगितलं. पण त्यातून आजचा डोळा कळत होता. पाच-सहा वर्षांपूर्वीचा डोळा कळायला मीच एक उरले होते.

काही महिन्यांनी, अशाच एका पहिल्या रविवारी पुलाखालच्या उतारावर ते डाव्या बाजूला पडले. त्या बाजूची पायरी त्यांना दिसली नसावी. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा बाटली भरलेली होती का, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. न्यूमोनिया झाला आणि सतराव्या दिवशी ते गेले.

वही बाईंनी मला आणून दिली. “तुमच्याकडे द्यायला सांगितली होती. काहीतरी विचारायचं राहिलंय म्हणाले.”

प्राध्यापकांचा फोन आला. चूक नक्की कधी सुरू झाली हे सांगता येईल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग अवघड आहे हो,” ते म्हणाले. माणूस वाईट नाही. अवघडच आहे.

पुलाखाली आता कोणी जात नाही. मी एकदा गेले होते. पाणी नितळ होतं. त्याच्याकडे बघून काही कळत नाही.

वहीत त्यांनी ऑपरेशनच्या आधीच्या पानापासून मागे जात, एकेका पानावर पेन्सिलने फुल्या मारल्या आहेत. पाच वर्षं मागे जाईपर्यंत फुल्या ठाम आहेत. सात वर्षांपूर्वीची आणि त्याआधीची पानं त्यांनी राखली आहेत. मधल्या सहाव्या वर्षाची बारा मापं आहेत, जानेवारी ते डिसेंबर. त्यांच्यावर त्यांनी काही केलेलं नाही. मीही पेन्सिल घेऊन बऱ्याच वेळा बसले. अजून काही केलेलं नाही.